गोधडीचं पोट

कापडाच्या धाग्याधाग्यात संस्कृतीची स्मृती विणलेली असते आणि ती जपणं हे प्रत्येक पिढीचं पवित्र कर्तव्य आहे. कॉव्हेंट्रीच्या मुरलीधर आठल्यांकडे अशी स्मृती लग्नापासून होती. मागच्या उन्हाळ्यात तिचा एक तुकडा घेऊन त्यांनी गाडीची काच पुसली.

यात त्यांचा दोष काढता येणार नाही. तुकडा गराजमध्ये होता, आणि गराजमध्ये सापडतं ते फडकं, हा नियम त्यांच्या पत्नीचाच होता. आशा जाऊन दोन वर्षं झाली होती, पण घर अजून तिच्याच नियमांवर चालत होतं. नियम करणारी नसली की त्यांचा अर्थ लावायला मात्र कुणी उरत नाही, आणि आठल्यांचं आयुष्य इथेच अडलं होतं.

आशाचा जन्म दार-ए-सलामचा. वडील तिथल्या रेल्वेत. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, बाजारात स्वाहिली. पुढे कुटुंब इंग्लंडला आलं, आणि साताऱ्याहून कॉव्हेंट्रीच्या मोटार कारखान्यात आलेल्या आठल्यांशी तिचं लग्न झालं. हुंडा नाही, मानपान नाही. एक ट्रंक भरून खांगे मात्र आले. खांगा म्हणजे तिकडच्या बायका कमरेला गुंडाळतात, डोक्यावरून घेतात, पाठीशी मूल बांधायला वापरतात ते सुती वस्त्र. रंग भडक, चारी बाजूंना काठ, आणि खालच्या काठाशी छापलेली एक ओळ. ही ओळ म्हण असते किंवा टोमणा असतो. ज्या देशात टोमणा छापून मिळतो तिथे बायकांचा बराच वेळ वाचत असणार, असं आठल्यांना वाटे.

त्यांच्या आई साताऱ्याहून येऊन सहा-सहा महिने राहत. सूनबाईंच्या खांद्यावर एक ठरावीक लाल खांगा दिसला की त्या भक्तिभावाने हात जोडत. आफ्रिकेतली रामनामाची शाल असणार, असा त्यांचा समज. अक्षरं इंग्रजी होती, पण परदेशात देवालाही थोडी तडजोड करावी लागते, हे त्यांनी मनाशी मान्य केलं होतं. ओळ होती ‘वाचे वासेमे’. म्हणजे, बोलू देत त्यांना. हा अर्थ आशाने नवऱ्याला सासूबाईंचं वर्षश्राद्ध आटोपल्यावर सांगितला.

खांगे विरत आले तशी तिने त्यांची गोधडी करायला घेतली. नात दिया, म्हणजे मेडनहेडला राहणाऱ्या पुष्करची मुलगी, कॉलेजला जाईल तेव्हा तिला द्यायची म्हणून. खाली पांढरी चादर, वर खांग्यांचे तुकडे, आणि काठापासून आत आत गोल गोल धावदोरा. असं शिवत गेलं की शेवटी मधोमध पाटाएवढी जागा उरते. ते गोधडीचं पोट. त्यात चिमूटभर तांदूळ ठेवायचे, वर शेवटचा तुकडा लावायचा आणि शिवून टाकायचं. “उपाशी गोधडी ऊब देत नाही,” असं आशाची आई म्हणे, म्हणून आशाही म्हणे. पण पोटाशी येऊन पोचली आणि तिची बोटं धरेनात. मग बोटांचं काय घेऊन बसलात, अशी वेळ आली. गोधडी कपाटात राहिली. मधला तुकडा कोणता, हेही तिच्याबरोबर गेलं.

आता दियाला लीड्सला ॲडमिशन मिळाली होती.

“आबा,” तिने फोनवर विचारलं, “आजीचा गोधडी रेडी आहे?”

“आजीची. ती गोधडी.”

“हो, तीच. ती रेडी आहे?”

“मधलं राहिलंय.”

“मग करा ना तुम्ही. यूट्यूबवर सगळा असतो.”

यूट्यूबवर सगळं होतंच, फक्त उलटं. तिथल्या बायका मधून सुरुवात करून काठाकडे जात. आठल्यांनी व्हिडिओ मागून पुढे चालवून पाहिला, तेव्हा एक बाई शिवलेलं उसवत बसलेली दिसली. त्यांनी टॅब्लेट मिटून ठेवला.

फोल्सहिल रोडजवळच्या कम्युनिटी सेंटरवर एक पोस्टर होतं : आफ्रिकन कापडांचं क्विल्टिंग सर्कल, सर्व वारशांचं स्वागत, चहा-बिस्किटं मिळतील. आपला वारसा यात बसतो का याची आठल्यांना खात्री नव्हती. चहा-बिस्किटांत बसत होता. ते गोधडी पिशवीत घालून गुरुवारी तिथे गेले.

सर्कल चालवणाऱ्या अबेनाबाई मूळच्या घानाच्या. शाळेत गणित शिकवत. त्यांनी उठून खुर्ची दिली.

“या अंकल. आफ्रिकेतले कुठले तुम्ही?”

आठल्यांना ‘कुठले तुम्ही’ एवढंच विचारलं जायची सवय होती.

“सातारा,” ते म्हणाले.

अबेनाने नकाशा डोळ्यांपुढे आणून पाहिला. “मोझांबिककडे येतं का ते?”

“पुण्याकडे.”

आजूबाजूच्या बायकांनी माना डोलावल्या. पुणंही तिकडेच कुठेतरी असणार.

अबेनाने टेबलावर आपलं कापड पसरलं. निळ्या रंगावर पिवळी पाखरं, आणि वर मेणाच्या छपाईतल्या बारीक भेगा. “हे आमचं,” ती म्हणाली. “लग्न असो, बारसं असो, मयत असो, याच्याशिवाय आमचं पान हलत नाही. हे माझ्या आजीच्या पेटीतलं.”

आठल्यांनी इंजिनिअरच्या सवयीने कापडाची कड उलटून बारीक अक्षरं वाचली. “हे हॉलंडमध्ये छापलंय.”

“हो मग? हॉलंडवाले जावातल्या लोकांचं बघून शिकले. तिकडे खपेना म्हणून आमच्याकडे आणलं. आम्ही त्याला नावं दिली. या पाखरांच्या नक्षीचं नाव आहे, पैशाला पंख असतात. ज्याने नाव दिलं त्याचं कापड.” मग तिने आशाच्या गोधडीचा एक काठ उलगडला आणि नाकावरचा चष्मा वर केला. “आणि तुमच्या यावर तर गुजरातमधल्या गावाचं नाव छापलंय. म्हणजे हे तुमचंच की.”

“छे छे. हे आशाचं. ती आफ्रिकेतली.”

“आफ्रिकन होत्या?”

“नाही. रत्नागिरीकडची.”

“रत्नागिरीत जन्मल्या?”

“दार-ए-सलामला. रत्नागिरी तिने पाहिलीच नाही.”

बायकांची शिवणं थांबली. अबेनाने मात्र गणिताच्या बाईला शोभेल अशा शांतपणे सगळं ऐकून घेतलं. “कापड भारतातून आफ्रिकेत गेलं. माणसं भारतातून आफ्रिकेत गेली. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना भारत आहे. कॅन्सल करा. आफ्रिका उरते. बसा अंकल, बिस्किट घ्या.”

आठल्यांनी बिस्किट घेतलं. हिशोबात काहीतरी चुकतंय असं त्यांना वाटत होतं, पण चूक सापडेना.

पुढचे काही गुरुवार ते धावदोरा शिकले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला सुईत दोरा ओवता येत नाही, हे तिथे सगळ्यांनी समजून घेतलं. मधून सुरुवात करायला हवी होती, असं अबेना दर वेळी सांगे. आमच्यात मधे संपतं, असं आठल्ये दर वेळी म्हणत. तांदळाची गोष्ट त्यांनी सांगितली तेव्हा ती हसली नाही. “पाहुणा आणि अंथरूण, दोघांनाही उपाशी ठेवू नये,” एवढंच म्हणाली. ही घानातली म्हण आहे की तिने तिथल्या तिथे केली, हे विचारायचं राहून गेलं.

आणि एका गुरुवारी फिलिपाबाई आल्या.

त्या एका म्युझियमच्या क्युरेटर. ‘धागे आणि मुळं’ नावाच्या प्रदर्शनासाठी वस्तू गोळा करत फिरत होत्या. सगळ्यांच्या रंगीबेरंगी क्विल्टांवरून त्यांची नजर सौजन्याने फिरली, आणि आशाच्या गोधडीशी येऊन थांबली.

“हा मध्य,” त्या कुजबुजल्या.

“तो राहिलाय,” आठल्ये ओशाळून म्हणाले.

“राहिलाय!” फिलिपाने डोळे मिटले. “अगदी बरोबर शब्द. सगळे रंग, सगळे आवाज कडेला ढकललेले. आणि मधोमध हे पांढरं, मुकं, विशाल... साम्राज्य.”

“चादर आहे हो ती. मार्केटमधली.”

“इथल्या मार्केटमधली?”

“हो.”

“म्हणजे ब्रिटिश.”

आशा सेलमधून ती चादर घेऊन आली तेव्हा साम्राज्याबद्दल काही बोलल्याचं त्यांना आठवत नव्हतं. पण तशी ती बोलायची कमीच. पन्नास वर्षं आपण हिच्या हातचा चहा प्यायलो आणि ही तिकडे पांढऱ्यावर रंगीत असं काही मांडत होती की काय? ते अबेनाकडे पाहायला लागले. अबेना छताकडे पाहत होती.

गोधडी प्रदर्शनापुरती द्याल का, असं फिलिपाने विचारलं. प्रदर्शन दिया जायच्या आधी संपत होतं. बायकोचं काम भिंतीवर लावतो म्हणणाऱ्याला नाही म्हणायला काळीज लागतं. आठल्ये हो म्हणाले. म्युझियमच्या दुकानात विकायच्या फ्रिजच्या चुंबकांवर छापायला म्हणून म्युझियमवाले गोधडीचा फोटोही घेऊन गेले.

ऑगस्टमध्ये फिलिपाचा फोन आला. म्युझियमला गोधडी कायमच्या संग्रहात हवी होती. जशी आहे तशी. “त्या पोकळीत एक टाकाही पडता कामा नये, मिस्टर आठल्ये. ती पोकळीच तर कलाकृती आहे.”

“वा, ऐकून फार बरं वाटलं,” आठल्ये म्हणाले. “बघू या.”

त्यांच्या घरात ‘बघू या’ म्हणजे नाही. त्यांचं लग्न, पुष्करचं शिक्षण, गराज साफ करणं, सगळं या एका शब्दावर तोललेलं होतं. फिलिपाने मात्र ‘फार बरं वाटलं’ एवढंच ऐकलं आणि आभार मानून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी म्युझियमच्या वेबसाइटवर झळकलं : कायमस्वरूपी संग्रहात दाखल.

दियाचा फोन लगेच आला.

“आबा, परमनंट म्हणजे मला कधी मिळणार?”

“तेच बघतोय.”

“माझे फ्रेंड्स बोलतात की खूप डीप आहे. आजी म्हणजे लेजंड. पण...” ती थांबली. “मला ती झोपायला पाहिजे होता. आजीने प्रॉमिस केली होती.”

“माहितीय मला.”

“आजी मधे काय लावणार होती?”

“नाही माहीत गं.”

“तुम्ही विचारलं नाही तिला?”

“मला वाटलं, तिला वेळ आहे.”

मग दोघांनी जेवलीस का, जेवलात का, असं एकमेकांना विचारून फोन ठेवला.

त्यानंतर त्यांनी, डोक्यात गोंधळ झाला की करत तेच केलं. गराजमध्ये जाऊन गाडी पुसायला घेतली. काच पुसता पुसता फडक्यावरच्या अक्षरांवर त्यांची नजर गेली. ऑइलच्या डागामागून लाल रंग दिसत होता. वाचे वासेमे.

त्यांनी फडकं उजेडात धरलं. हा तुकडा आशाने पोटासाठी वेगळा काढून ठेवला होता, की अगदीच विरला म्हणून फडक्यांत टाकला होता? तो एका शेल्फवर, नीट घडी करून ठेवलेला मिळाला होता. पण आशा फडक्यांच्याही घड्या करायची. त्यांनी तो तीनदा धुतला. डाग पुसट झाला, गेला नाही. ओळ मात्र ठसठशीत राहिली.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या दिवशी सकाळी आठल्ये म्युझियममध्ये गेले. सोबत सर्कलच्या वतीने अबेना; तिचं एक क्विल्टही प्रदर्शनात होतं. गोधडी एका लांब टेबलावर मऊ कागदात पसरून ठेवली होती. दुपारी भिंतीवर चढायची होती. हात लावायचा तर हातमोजे घाला, असं सांगून एका मुलीने त्यांना निळे हातमोजे दिले. त्यांच्या खिशात तुकडा होता, सुई होती, आणि रुमालात बांधलेले आंबेमोहोर तांदूळ.

“मला किती वेळ मिळेल?” त्यांनी अबेनाला हळूच विचारलं.

“पाहिजे तेवढा.” ती शेजारच्या दालनात गेली आणि फिलिपाला म्हणाली, “माझ्या क्विल्टच्या लेबलवर तुम्ही ‘आफ्रिकन कापड’ लिहिलंय. कापड हॉलंडचं आहे, नक्षी जावाची, नाव घानाचं. मला कळत नाहीये, काय लिहायला हवं?”

मग फिलिपाने कुणालातरी बोलावलं. त्या कुणीतरी आणखी कुणालातरी. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा लेबलवर ‘कापड’ या शब्दापुरतं एकमत झालं होतं.

इकडे आठल्ये शिवत होते. हातमोजे घालून सुई धरता येत नाही; पण नियम म्हणजे नियम, म्हणून काढले नाहीत. तांदूळ पोटावर ठेवले. काय म्हणायचं असतं ते माहीत नव्हतं. “घे,” असं म्हणाले. मग वर तुकडा अंथरून चारी बाजूंनी टाके घातले. टाके नांगरलेल्या वावरासारखे वेडेवाकडे आले. शेवटची गाठ मारली तेव्हा गेले कित्येक महिने डोक्यात जे भिरभिरत होतं ते जरा खाली बसलं.

संध्याकाळी चार वाजता उद्घाटन झालं. दिया मेडनहेडहून ट्रेनने आली होती. कौन्सिलचे एक गृहस्थ आले होते. भिंतीवरच्या गोधडीवर दुलई घातल्यासारखं एक रेशमी कापड टाकलं होतं. फिलिपा त्याच्याशेजारी उभी राहून बोलत होती. दिवसभर लेबलाच्या भानगडीत अडकल्यामुळे गोधडी तिने सकाळनंतर पाहिली नव्हती; भिंतीवर चढवून झाकली ती इतरांनीच.

“आणि या सगळ्या रंगांच्या मधोमध,” ती शेवटी म्हणाली, “आपल्याला भिडते ती पांढरी, अबोल पोकळी.” आणि कापड ओढलं.

पोकळीच्या जागी लाल तुकडा होता. त्यावर ऑइलचा फिकट डाग. त्याच्याखाली : वाचे वासेमे.

कौन्सिलच्या गृहस्थांनी चष्मा लावला. फिलिपाचा चेहरा आधी चादरीसारखा पांढरा झाला, मग खांग्यासारखा लाल. पण तिने हे काम पुष्कळ वर्षं केलं होतं.

“पोकळीने,” ती अत्यंत हळू आवाजात म्हणाली, “उत्तर दिलंय.”

टाळ्या कडाडल्या. दियाने आजोबांच्या दंडाला धरलं. “आबा, ओ माय गॉड. तुम्ही केला हे?”

आठल्यांनी इथे हात जोडून गप्प बसायला हवं होतं. पण फिलिपाने त्यांच्यापुढे माइक धरला, आणि मराठी माणसाच्या हाती माइक आला की तो मुद्द्यावर येतोच. फक्त वाटेत सातारा लागतो. ते सातारा, मोटार कारखाना, आईंचं हात जोडणं, असं सगळं सांगत आले. त्या ओळीचा अर्थ त्यांनी सांगितला तेव्हा लोक हसले. त्यामुळे त्यांना आणखी हुरूप आला.

“आणि आता ती उपाशी नाही,” ते समाधानाने म्हणाले. “पोटात मी तांदूळ घातलेत.”

मागे भिंतीला टेकून उभा असलेला एक लुकडा तरुण सरळ झाला. तो म्युझियममधल्या वस्त्रांची देखभाल करणारा.

“तांदूळ?” त्याने विचारलं. “खरे तांदूळ?”

“आंबेमोहोर.”

“सर, धान्यात किडे होतात. इथे अडीचशे वर्षांपूर्वीची वस्त्रं आहेत.”

“छे! किडे कसे होतील?” आठल्ये त्याला धीर देत म्हणाले. “आम्ही तांदळाला बोरिक पावडर चोळून ठेवतो.”

“पावडर,” तो तरुण म्हणाला, आणि खाली बसला.

समोसे यायच्या आत गोधडी भिंतीवरून उतरली. आतल्या ऑफिसात टेबलाभोवती सगळे उभे राहिले. फिलिपाच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. “फक्त तांदूळ काढू या, मिस्टर आठल्ये. दोन-चार टाके उसवायचे. लाल तुकडा राहू द्या, तो तर अप्रतिम आहे. तुमच्या पत्नीचं नाव कायमचं इथे राहील.”

आठल्यांनी दियाकडे पाहिलं. हा कापडाचा विषय निघाल्यापासून त्यांना एकाही प्रश्नाचं उत्तर धड देता आलं नव्हतं. याचं आलं.

“जेवलेल्याच्या पोटातून कुणी काढून घेतं का?”

फिलिपाने अबेनाकडे पाहिलं.

“अंकल नाही म्हणतायत,” अबेना म्हणाली. “आता कॅन्सल होणार नाही.”

पोटात धान्य असलेली वस्तू संग्रहात ठेवता येत नाही, हे फिलिपाला मान्य करावं लागलं.

“म्हणजे ती माझा आहे?” दियाने विचारलं.

“तुझीच,” आठल्ये म्हणाले. “घे उचल.”

“आज नाही,” लुकडा तरुण म्हणाला. तो गोधडी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हवा काढत होता. “किड्यांची शंका आली की वस्तू आधी गोठवावी लागते. मग बाहेर सोडतो. तसा नियम आहे.”

सप्टेंबरच्या शेवटी दिया लीड्सला गेली. जाताना तिने सुपरमार्केटमधून एक ड्युव्हे, म्हणजे तयार रजई, घेतलं. गोधडी तेव्हा म्युझियमच्या फ्रीजरमध्ये, उणे तीस अंशांवर होती.